पल्लवीने घेतलेला टाईम-आऊट

आम्हाला बावन्न-नऊने धुणारी पल्लवी काल सकाळी गेली.

एकतिसाव्या वर्षी. वर्षभर आजाराशी भांडून.

ती माझी मैत्रीण नव्हती, सीनियरही नव्हती. दुसऱ्या कॉलेजच्या कबड्डी टीमची कॅप्टन होती. तेव्हाच्या बंगळुरूतली सगळ्यांत तगडी टीम.

मी येलहंक्यातल्या एका नव्या इंजिनिअरिंग कॉलेजची कॅप्टन. नागपूरहून आलेली, हिंदीवर दिवस ढकलणारी. आमची टीम म्हणजे मोजून सात मुली. एकीचा पाय मुरगळला की सहा.

मोठी कॉलेजं आमच्याशी उपकार केल्यासारखी खेळायची. राखीव मुली उतरवायची. एक कॅप्टन तर मॅच चालू असताना बाहेर बसून इडली-वडा खात होती.

हरण्याचं काही वाटायचं नाही हो. त्या इडली-वड्याचा मात्र भयंकर राग यायचा.

पल्लवी तिच्या पहिल्या सातजणी घेऊन उतरली. पन्नास पॉइंट झाले तरी स्वतः रेडला येत होती. चेहऱ्यावर हसू नाही की कंटाळा नाही.

मॅच संपली आणि आमच्या चौघी रडत म्हणाल्या, "बस्स झालं. उद्यापासून आम्ही येणार नाही."

म्हणजे टीमच संपली. माझं डोकं फिरलं. मी तावातावाने पल्लवीकडे गेले आणि हिंदीत भांडायला लागले. जिंकलाच होतात, मग एवढं धुवायची काय गरज होती?

माझी नागपुरी हिंदी ऐकून ती चक्क मराठीत बोलली. तिच्या घरी पिढ्यानपिढ्या बंगळुरूची मराठी.

"स्वल्प थांब गं. काल दोन तास बसून तुमची प्रॅक्टिस बघितली मी. रेडच्या आधी तुझा डावा खांदा पडतो. ते बंद कर."

आमची प्रॅक्टिस? ती बघायला आमचे पीटी सरसुद्धा यायचे नाहीत!

"आणि तुमचे नऊ पॉइंट आहेत ना, ते आम्ही दिले नाहीत. तुम्ही घेतले. मी ढिली खेळले असते तर ते पण तुमचे राहिले नसते."

मग ती त्या चौघींकडे गेली. त्यांच्यातल्या दीपाला कन्नडमध्ये म्हणाली, "तुझ्या घोट्याच्या पकडीतून मी आज दोनदा कशीबशी सुटले."

दीपाने डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी पहाटे ग्राउंडवर सगळ्यांच्या आधी तीच हजर.

वर्षभर आम्ही मरमर मेहनत केली. पुढच्या वर्षी पुन्हा पल्लवीचीच टीम समोर.

शेवटची पाच मिनिटं. आम्ही फक्त दोन पॉइंटनी मागे.

आणि पल्लवीने हात वर करून टाईम-आऊट मागितला.

आमच्यामुळे!

दीपा माझ्या कानात म्हणाली, "अक्काला आपलं टेन्शन आलंय, अल्वा? हो ना?"

तीस सेकंद मिळाले होते. प्लॅन करायचा सोडून आम्ही सातजणी एकमेकींकडे बघून वेड्यासारख्या हसत उभ्या होतो. सर बाहेरून ओरडत होते.

ती मॅच आम्ही सहा पॉइंटनी हरलो. त्या दिवशी बसमध्ये टीम सोडायचं नावही कुणी काढलं नाही.

आज त्या कॉलेजात मुलींच्या दोन टीम आहेत.

पल्लवी अक्का, तू आम्हाला कधीच सोपं समजली नाहीस. खूप खूप थँक्यू.

आम्हा सातजणींची तुला मनापासून श्रद्धांजली.