उडणारं पाणी मोजणाऱ्याच्या घरी

पाणी उडून गेलं की भांड्याच्या तळाशी पांढरा थर उरतो ना, तसे काही घरांत किस्से साचतात. घासून जात नाहीत. आमचं घर त्यातलं. लग्न होऊन मी नागपूरला आले ती थेट शेतकी संशोधन केंद्राच्या क्वार्टरमध्ये. जमिनीतलं पाणी उन्हाने किती उडतं आणि झाडं किती उडवतात, हे मोजायचं काम यांच्याकडे. नोकरी टेंपररी. पक्की करणं साहेबांच्या हातात, नाहीतर क्वार्टर सोडून सासूबाईंसकट गावी जायचं, एवढं मला पहिल्याच आठवड्यात कळलं.

सासूबाईंना मात्र हे कामच पटत नसे. भर उन्हात कुरडया उलटत त्या म्हणाल्या, "पाणी उडते हे पाहाले सरकार पगार देते? मंग माह्या कुरडयाइचा बी दे म्हना."

*

अंगणापलीकडे जस्ताची मोठी उघडी परात होती. तिच्यातलं पाणी किती उतरलं, ते हे रोज सकाळी मोजत. एकदा ते भराभर उतरू लागलं. साहेब खूश. बाहेरगावचे पाहुणे आले, तर परातीजवळ उभं करून त्यांना 'विदर्भातल्या कोरड्या वाऱ्याचा प्रताप' समजावत बसले.

तेवढ्यात प्रताप स्वतःच आला. गवळ्याची म्हैस! परातीत तोंड घालून निवांत प्यायला लागली.

एक पाहुणे हळूच म्हणाले, "वारा बराच काळा आहे हो तुमच्याकडचा."

दुसऱ्या दिवशी परातीवर जाळी बसली.

*

मे महिन्यात आमच्याकडे कूलरपुढच्या जागेवरून भांडणं. पावसाळ्यात सासूबाईंनी तोच कूलर लावला, तर घरभर चिकचिक आणि डब्यातले पापड मऊ.

"आई, हवेत आधीच ओल भरून हाय. ते आनखी पाणी घेईन कुठून? पाणी उडलं नाही, तं गारवा येत नाही," यांनी समजावलं.

"एवढं लंबं काहून सांगून राहिला? जेवून आलेल्या पाव्हन्याले कितीबी वाढ, ताटातच राहीन, असं म्हन ना."

आठवड्याभराने तेच वाक्य यांनी साहेबांपुढे स्वतःचं म्हणून खपवलं. साहेबांना फार आवडलं म्हणे.

*

दुसऱ्या उन्हाळ्यात साहेबांनी यांची परीक्षाच घेतली. मातीने भरलेली दोन पिंपं. एकात नुसती माती, दुसऱ्यात भेंडी. साहेबांचं म्हणणं, उघड्या मातीवर थेट ऊन पडतं, तिचंच पाणी जास्त उडणार. यांचं म्हणणं, वरची माती वाळली की पाणी उडणं थांबतं. झाड मात्र खालून ओढून पानांतून सोडतच राहतं. इतवारीच्या बाजारातून धान्याचा मोठा काटा आणला. साहेबांसमोर दोन्ही पिंपांचं वजन झालं. उद्या दुपारी पुन्हा करायचं आणि नोकरीचंही तेव्हाच ठरवायचं.

दुसऱ्या दिवशी साहेब जेवायला आमच्याकडे. सासूबाईंनी पुढ्यात टाकलेली कोवळी भेंडी मी चिरून परतली. कुठली, हे नव्या सुनेने विचारायचं नसतं. साहेबांनी मागून मागून घेतली.

जेवणानंतर वजन केलं. नुसत्या मातीचं पिंप जेमतेम उतरलेलं, भेंडीचं मात्र कालपेक्षा पुष्कळच हलकं. यांचा चेहरा उजळला. साहेब मात्र झाडांकडे वाकून पाहत राहिले.

"वसंतराव, काल इथे भेंड्या होत्या."

हे पांढरेफटक.

"आता वजन पाण्याने घटलं की भेंडीने? मी सही कशावर करू?"

मी पदराचं टोक पिळत उभी. शेवटी दारातून सासूबाई म्हणाल्या, "भेंडी कुठं गेली नाही साहेब. तुमालेच काट्यावर उभं करा लागन, बस."

कुणी हसलं नाही. साहेबांनी चष्मा काढून यांच्या हातात दिला. मग घड्याळ. मग खाली वाकून ते बुटांच्या नाड्या सोडू लागले.