सासूबाईंनी दार उघडलं तो रविवार

माझ्या सासूबाई हॉस्पिटलच्या मागच्या लाँड्रीत इस्त्रीवर होत्या. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनच्या खोलीतली हिरवी कापडं असं सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर दिवसभर उभं राहून त्यांच्या पायांच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की मोजकं आणि खणखणीत. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "सूनबाई, या घरात तोंड दाबून बसायचं नाही. पटलं नाही तर सांगायचं. पण जेवताना नाही." मला त्या तिथेच आवडल्या.

सासरे नळकाम करायचे. सगळे त्यांना पानाभाऊ म्हणायचे, कारण हातात कायम पाना. आमचं घर इमारतीच्या तळमजल्यावर. दर रविवारी सकाळी पुढच्या खोलीत सासरे प्रार्थना घ्यायचे. फार कोणी नसायचं. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, हॉस्पिटलातली नर्सबाई, कोपऱ्यावरचा शिंपी, त्याची बायको, आणि घरातले आम्ही. सतरंजी टाकायची, गाणी म्हणायची, देवापुढे मन मोकळं करायचं, चहा प्यायचा आणि आपापल्या घरी जायचं. बस, एवढंच.

इमारतीला ते खटकायचं. आमची श्रद्धा त्यांच्यापेक्षा वेगळी होती आणि तिथे आमच्यासारखं दुसरं एकही घर नव्हतं. आधी आवाजाची तक्रार झाली, मग बाहेरची माणसं येतात याची. तेवढ्यावर कदाचित भागलंही असतं. पण दुसऱ्या मजल्यावरची कॉलेजला जाणारी मुलगी रविवारी आमच्या दाराशी उभी राहून गाणी ऐकू लागली, आणि तिचे वडील भडकले. "आमच्या पोरांना नादाला लावताय!" असं ते जिन्यात ओरडले. सासरे हसून म्हणाले, "अहो, ऐकायला कोणाला बंदी घालू?" ते हसणं आणखीच झोंबलं.

मग सासरे गेले. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या मोरीत वाकून काम करत होते, तिथेच खाली बसले आणि पुन्हा उठलेच नाहीत.

सासूबाई रडल्या नाहीत. आलेल्या माणसांना पाणी दिलं, कोणी काही विचारलं तर उत्तर दिलं. चार दिवसांनी कामावर गेल्या. आम्हाला वाटलं, बाई धीराची आहे. पण तो धीर नव्हता. आतलं काहीतरी बंद पडलं होतं. एकदा लाँड्रीत इस्त्रीच्या तापलेल्या पत्र्यावर त्यांचा हात टेकला आणि तसाच राहिला. शेजारी घड्या घालणाऱ्या बाईला जळल्याचा वास आला, तिने किंचाळून हात ओढला. नर्सबाई मलमपट्टी करताना म्हणाल्या, "अहो, दुखलं नाही?"

"दुखलं असेल," सासूबाई म्हणाल्या.

प्रार्थना मात्र त्यांनी चालू ठेवली. चालू म्हणजे काय, रविवारी दार उघडायचं आणि सतरंजी टाकायची. गाणं सुरू करणारा माणूसच गेला होता, त्यामुळे गाणी बंद झाली. मास्तर दोन शब्द बोलायचे, मग सगळे गप्प बसायचे. मला त्या खोलीत गुदमरल्यासारखं व्हायचं. सासूबाई भिंतीला टेकून समोर बघत बसायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नसायचं की शांती नसायची. बसस्टॉपवर बसलेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा.

इमारतीच्या सेक्रेटरींना वाटलं होतं, पानाभाऊ गेले म्हणजे प्रकरण आपोआप मिटेल. मिटेना, तेव्हा त्यांनी आवारात सगळ्यांना जमवलं. आम्हालाही बोलावलं. सेक्रेटरी तसे वाईट माणूस नव्हते. पाण्याची मोटर बिघडली तर स्वतः धावायचे. पण त्या संध्याकाळी भोवती गर्दी होती आणि गर्दीत माणसाचा आवाज वेगळा होतो.

"वहिनी, हे आता पुरे," ते म्हणाले. "भाऊ होते तोवर आम्ही गप्प बसलो. तुम्ही मूठभर, आम्ही सगळे. इथे राहायचं तर सगळ्यांचं ऐकावं लागेल. येत्या रविवारी दार उघडलंत तर आम्ही येऊन बंद करू."

मागून कोणीतरी म्हणालं, "सामानासकट!" लोक हसले.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाल्या आणि घरात आल्या.

माझा नवरा वायरमन आहे. विजेला भीत नाही, पण माणसांना भितो. तो त्यांच्या मागोमाग आत आला. "आई, एक-दोन महिने थांबू. वातावरण निवळू दे. मास्तरांच्या घरी जमता येईल."

"मास्तरांकडे खोली एकच आहे आणि त्यांची बहीण अंथरुणाला खिळलेली आहे."

"मग बंदच ठेवू. देव काय आपल्या सतरंजीवर अडून बसलाय?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "पण मी दार उघडणार."

"का पण?"

त्यांनी जरा विचार केला. "रविवार आहे म्हणून."

नवऱ्याने कपाळाला हात लावला. मलाही राग आला. अशा वेळी माणसाने काहीतरी मोठं बोलावं, आपल्याला बळ मिळेल असं. रविवार आहे म्हणून! लाँड्रीतल्या बायकांनीही त्यांना समजावलं. घड्या घालणारी बाई म्हणाली, "ताई, कशाला विषाची परीक्षा घेताय? त्यांनी तर ट्रक-स्टँडवरची माणसं बोलावलीयत म्हणे." ती बातमी खरी होती. सेक्रेटरींच्या मेहुण्याची तिथे ऊठबस होती. त्याने सांगितलं होतं, टेम्पो भरून पोरं आणतो, तुम्हाला हातही लावावा लागणार नाही.

शनिवारी शिंप्याची बायको येऊन दारातच उभी राहिली. नजर खाली. "आमचं दुकान याच लोकांवर चालतं हो," म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "जा तू. दिवा लागायच्या आत घरी पोच." तेवढंच. दोष नाही, समजूत नाही.

रविवारी त्या नेहमीच्या वेळी उठल्या. आंघोळ केली, सतरंजी झटकली आणि दाराची दोन्ही कवाडं उघडून त्यांना खालून विटा लावल्या, वाऱ्याने बंद होऊ नयेत म्हणून. आमच्या छोट्या मुलाला मी आदल्या दिवशीच माहेरी पाठवलं होतं.

आवारात माणसं जमत होती. रोज आमच्याकडे विरजण मागायला येणाऱ्या, फाटकाशी हवापाण्यावर बोलणाऱ्या याच माणसांनी आता हाताच्या घड्या घातल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचे, त्या मुलीचे वडील, सगळ्यांत पुढे, आमच्या खिडकीला लागूनच उभे होते. सेक्रेटरी फाटकाकडे बघत होते. टेम्पोची वाट बघत असणार.

मास्तर काठी टेकत आले. गर्दीने वाट दिली, पण आवाज काढले. नर्सबाई रात्रपाळी संपवून तशाच गणवेशात आल्या. बाकी कोणी नाही. एक म्हातारा, दोन बायका आणि दाराजवळ अंग चोरून बसलेली मी. नवरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभा होता, आत नाही की बाहेर नाही.

मास्तरांनी बोलायला तोंड उघडलं. बाहेर कोणीतरी खिडकीच्या गजांवर काहीतरी आपटू लागलं. मग एक दगड आला. खिडकीची काच फुटून सतरंजीवर पडली. नर्सबाईंनी डोक्यावर हात घेतले. मी किंचाळले असणार, कारण नवरा धावत माझ्याजवळ आला.

सासूबाई उठल्या. कोपऱ्यातला केरसुणीचा फडा घेतला, सुपली घेतली, काचा गोळा केल्या. सतरंजीवरून हाताने चाचपून बारीक तुकडे वेचले. ते बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायला गेल्या, म्हणजे थेट त्या लोकांमधूनच. डब्याचं झाकण लावलं. परत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. हे सगळं त्यांनी, घरात कप फुटला तर आपण जसं करतो, अगदी तसं केलं.

मग त्याच बोलल्या. सासरे गेल्यापासून त्यांनी प्रार्थना अशी मोठ्याने केली नव्हती. आवाज सपाट होता, चादरींचा हिशोब सांगावा तसा. "देवा, आम्ही बसलोय. तू आहेस म्हणतात. मला काही दिसत नाही आणि काही वाटतही नाही. तरी बसलोय. बाहेर आहेत तीही तुझीच माणसं. आत आहेत त्यांना सांभाळ. बाहेरच्यांनाही उन्हात फार वेळ ठेवू नकोस."

मास्तर म्हणाले, "तसंच होवो." आणि आम्ही बसून राहिलो.

खूप वेळ बसलो. टेम्पो आला नाही. ऊन चढलं. गॅलरीतून कोणाच्या तरी बायकोने हाक मारली, कोणाचं पोर भुकेने रडायला लागलं. एकेक जण घड्याळ बघत जिन्याकडे सरकला. शेवटी सेक्रेटरी एकटेच आमच्या दारात आले. आत सगळीकडे पाहिलं. एवढ्या लोकांनी जमून काय थांबवायचं होतं, ते बहुधा शोधत होते.

"काच कोणी फोडली ते मला माहीत नाही," ते म्हणाले.

"बरं," सासूबाई म्हणाल्या.

ते गेले. त्या दिवशी तेवढंच झालं. आकाश उघडलं नाही. आमच्यापैकी कोणाला उजेड दिसला नाही, आवाज ऐकू आला नाही. नर्सबाई तर चहा न पिताच घरी जाऊन झोपल्या.

बाकीचं आम्हाला हळूहळू कळलं, कधी जिन्यात, कधी नळावर, कधी लाँड्रीत. टेम्पो आलाच होता. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूधवाल्याची व्हॅन आडवी बंद पडली होती. वळवताना इंजिन गेलं ते गेलंच. ट्रक-स्टँडवरच्या पोरांनी शिव्या दिल्या, धक्का मारून पाहिला आणि कंटाळून परत गेली. मी दूधवाल्याला विचारलं, "मुद्दाम केलंत ना?" तो म्हणाला, "कसलं मुद्दाम! माझं सगळं दूध नासलं त्या दिवशी." त्याला आमच्या भानगडीतलं काहीच ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्या सकाळी आपल्या दोन्ही दांडगट मुलांना आत कोंडून बाहेरून कुलूप घातलं होतं आणि किल्ली कमरेला खोचून जिन्यात मटार सोलत बसल्या होत्या. "तुमच्या सासऱ्यांनी माझ्या मोरीचा नळ किती वेळा दुरुस्त केलाय," त्या मला म्हणाल्या. "पण खाली यायची हिंमत नाही झाली गं."

सगळ्यांत मोठा धक्का दिला त्या मुलीच्या वडिलांनी. आम्ही समजत होतो, म्होरक्या तेच. पण दगड आला तेव्हा शेजारच्याच्या हातात दुसरा होता, आणि त्यांनी त्याचं मनगट पकडून ठेवलं होतं. शेवटपर्यंत. म्हणून ते खिडकीपाशीच उभे राहिले. हे आम्हाला त्यांच्या मुलीने सांगितलं. ते स्वतः अजूनही आमच्याशी बोलत नाहीत.

या सगळ्यांनी एकमेकांना विचारून काही केलं नव्हतं. कोणी कोणाला पाहिलंही नव्हतं. माझा नवरा एकेक गोष्ट ऐकून हरखून जायचा आणि आईला येऊन सांगायचा. त्या ऐकायच्या. "हो का?" म्हणायच्या. एकदा तो चिडलाच. "आई, अगं आपल्याभोवती एवढी माणसं उभी केली होती देवाने! तुला काहीच कसं वाटत नाही?"

"वाटेल तेव्हा वाटेल," त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. भांडी घासताना मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी माहीत होतं का, काही होणार नाही म्हणून?"

"छे. मला वाटलं होतं, दार तोडतील. तुझ्या नवऱ्याला मारतील की काय, असंही वाटलं."

"मग उघडलं कशाला?"

त्यांनी हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं. "त्या दिवसांत मला देव आहे असं वाटत नव्हतं. नाही असंही वाटत नव्हतं. सगळं लाकडासारखं झालं होतं. मग म्हटलं, माझ्या वाटण्यावर कशाला सोडायचं हे? तो असेल तर मला वाटो न वाटो, आहेच. तुझे सासरे गेल्यावर मी स्वयंपाक करायची थांबले का? तसंच दार उघडलं." दुसरं भांडं उचलत म्हणाल्या, "भीतीसुद्धा नव्हती गं. ती असती तर बरं झालं असतं. निदान काहीतरी असतं."

सेक्रेटरींनी पुढेही दोनदा विषय काढला, पण लोक जमेनात. काच आम्हीच बसवली. शिंपी आणि त्याची बायको काही आठवड्यांनी पुन्हा येऊ लागले. पहिल्या दिवशी दाराजवळच चपलांपाशी बसले. सासूबाई नुसत्या सरकल्या आणि शेजारची जागा हाताने पुसली.

त्यांच्यातलं ते लाकूडपण कधी गेलं, आम्हाला नक्की सांगता येणार नाही. कदाचित पूर्ण गेलंही नसेल. एका सकाळी मी दूध गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसले आणि ते उतू गेलं. सासूबाई आतून तरातरा आल्या. "लक्ष कुठे असतं तुझं? अर्धा लिटर दूध ओट्यावर! आणि फोन चालूच!" चांगल्या तारस्वरात, शेजारी ऐकू जाईल अशा. नवरा दाढी करता करता बाहेर आला, तोंडाला फेस तसाच. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "बघताय काय? फडकं आणा."

आता रविवारी गाणं शिंप्याची बायको सुरू करते. सासूबाई म्हणत नाहीत, ऐकतात.