बडनेऱ्याच्या वाटेवरचा गोठा

पार्बताबाईचा नवरा खुशाल गाडीवान होता. कापसाचे बोजे घेऊन तो मिर्झापूरला जाणाऱ्या तांड्याबरोबर जायचा. एका उन्हाळ्यात तांडा परत आला, तो त्याच्याशिवाय. बरोबरच्या गाडीवानांनी खाली मान घालून सांगितलं, वाटेत ताप भरला, बसवेना, तेव्हा एका गावाच्या शिवेवर त्याला झाडाखाली निजवून पुढं निघालो. थांबलो असतो तर सगळा माल पावसात सापडला असता. त्या गावाचं नाव कुणालाच धड आठवत नव्हतं. पार्बताबाई तेव्हा पंचविशीत होती, मूलबाळ नव्हतं. मोर्शीहून भाऊ न्यायला आला, पण ती गेली नाही. खुशाल मेल्याचं कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिनं बरेच दिवस कुंकू पुसलं नाही. पुसलं तेव्हा कुणाला सांगितलंही नाही.

अमरावतीच्या परकोटाबाहेर, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या वाटेला लागून तिचं दोन खणांचं मातीचं घर होतं. मागं बैलांचा गोठा रिकामा पडला होता. वामनराव अडत्याकडून ती कापूस आणायची, हातानं फिरवायच्या रेच्यावर सरकी वेगळी काढायची आणि रुई परत नेऊन द्यायची. अशी दहाएक वर्षं गेली.

मग समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. पार्बताबाईला त्या लढाईचं काही ठाऊक नव्हतं. तिला दिसत होत्या त्या गाड्या. दिवाळीपासून होळीपर्यंत वाटेवरची धूळ खाली बसत नसे. ज्यांची शेतं होती त्यांच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या साखळ्या आल्या. पण जिथं जवारी पेरायची तिथंही कापूसच पेरला गेला, आणि बाजारात जवारी बघायला मिळेना. ज्यांना शेत नव्हतं ते गाव सोडून अमरावतीकडे निघाले. तिथं काम आहे, असं सगळीकडे ऐकू येत होतं. काम होतंही, पण अंगात बळ असलेल्यांना. बाकीचे वाटेच्या कडेला बसून राहत, आणि मग आडवे होत.

पहिला माणूस तिनं उचलला तो असाच आडवा झालेला. तांड्यानं मागं टाकलेला एक गाडीवान, तापानं फणफणलेला. त्याला गोठ्यात आणून तिनं आंबील पाजली. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याचं गाव कोणतं, हे तो शुद्धीत असतानाच तिनं विचारून ठेवलं होतं, आणि त्या बाजूला जाणाऱ्या दुसऱ्या गाडीवानाजवळ तिनं निरोप दिला.

त्यानंतर गोठा कधी रिकामा राहिला नाही. सकाळी ती पाण्याची घागर आणि आंबिलीचं गाडगं घेऊन वाटेनं मैलभर जायची. जो उठू शकेल त्याला उठवायची. माणूस चार दिवसांत बसता झाला की विचारायची, "तुले काय येते करता?" बायांना रेचा शिकवायची, गड्यांना वामनरावाच्या वखारीत हमालीला लावून द्यायची. काही जण मार्गी लागले. काही जण तिची भांडी घेऊन पळाले. शेजारची गोदाबाई म्हणायची, "कावून करून राहिली व हे? तुह्या घरचे हायत का थे?" पार्बताबाई गाडगं उचलून वाटेला लागायची. ती मुळात कमी बोलायची, आणि बोलली की तोडून बोलायची.

१८६४च्या पावसाळ्याच्या शेवटी बार्शीटाकळीचा भगवंत कोष्टी आणि त्याची बायको सुभद्रा तिच्या गोठ्यात आली. भगवंत चाळिशीचा, हाडं निघालेला, खोकणारा. बापजाद्यांपासून लुगडी विणायचं काम. कापूस सगळा मुंबईकडे जायला लागला तसं सूत मिळेनासं झालं. वर्षभर त्यांनी कळ काढली, मग माग विकला, मग घर. अकोल्याला आगगाडीच्या सडकेचं मातीकाम निघालं होतं तिथं दोघं टोपल्या वाहायला लागली. तिथंच त्यांची पोर तापानं गेली. एवढं सगळं सुभद्रानंच सांगितलं. भगवंत भिंतीकडे तोंड करून बसला होता.

पार्बताबाईनं नेहमीप्रमाणं त्याला हमालीला धाडलं. दुसऱ्याच दिवशी तो बोज्याखाली कोसळला आणि दोन माणसांनी त्याला धरून आणलं. सुभद्रा रेचा पटकन शिकली. भगवंत नुसता बसून तिच्या हाताकडे बघायचा. आपण बायकोच्या जिवावर बसून खातो, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं असे.

एकदा पार्बताबाईनं त्याला विचारलं, "मागाले काय काय लागते?"

तो पहिल्यांदाच धड बोलला. "लाकूड कोनी बी सुतार घडवते, बाई. फनी आन् धोटा तेवढा हाताच्या सवयीचा पाह्यजे. माह्या भावापाशी बाबाचा जुना ठेवेल हाय. पन थो काय द्याचा नाई मले."

मार्गशीर्षात अकोल्याला रिकामी परतणारी एक गाडी बघून पार्बताबाई तीत बसली. चार दिवस गाडीत, मग अकोल्याहून बार्शीटाकळी पायी. भगवंताच्या भावानं आधी तिला दारातच उभं ठेवलं. "थो जगून हाय का?" एवढंच विचारलं. ती हो म्हणाली तेव्हा तो आत गेला आणि फडक्यात बांधलेली फणी आणि धोटा घेऊन आला. "आमाले बी सूत नाई," तो म्हणाला. "घेऊन जाय. अथी निस्ता टांगून हाय."

तिनं परत येऊन सुताराकडून माग बांधून घेतला. गोठ्याच्या कोपऱ्यात पाय सोडायचा खड्डा भगवंतानं स्वतः खणला, थांबत थांबत, खोकत खोकत. त्या दिवशी तो पोटभर जेवला. सुभद्रा हे बघून माघारी वळली आणि पदरानं डोळे पुसत राहिली.

आता सूत हवं होतं. पार्बताबाई वामनरावाकडे गेली. म्हणाली, माझ्या मजुरीच्या बदल्यात रुई द्या.

वामनराव वाईट माणूस नव्हता. तिच्या गोठ्यासाठी त्यानं दोनदा जवारीही धाडली होती. पण तो म्हणाला, "पार्बताबाई, जवारी मागा, देतो. रुई मागू नका. सगळा माल मुंबईच्या शेटनं आधीच बोलून ठेवला आहे. त्यातली मूठभरसुद्धा माझी नाही."

"तुमच्या वखारीत छतापावतर रुई हाय, मालक."

"आहे. पण माझी नाही."

त्या हंगामात तिच्या दारावरून रोज शंभर-शंभर गाड्या जात होत्या. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या बाभळींना, गाड्या घासून गेल्या की, कापसाचे पुंजके अडकून राहत, काही खाली सांडत. पार्बताबाई आणि सुभद्रा पहाटेपासून ते वेचायला लागल्या. काटे, माती, पाचोळा वेगळा करायचा, रेच्यावर घालायचं, पिंजायचं, आणि चरख्यावर सूत काढायचं. बोटं सोलून निघाली. महिनाभरात उभा ताणा होऊन आडव्यालाही थोडं उरेल एवढं सूत जमलं. भगवंतानं त्याला पेजेची खळ दिली, मागावर चढवलं आणि विणायला बसला. धोट्याचा आवाज ऐकून गोदाबाईसुद्धा येऊन बघून गेली. चार हात कापड झालं. पोत जाडाभरडा होता, पण काठ सरळ.

"लुगडं झालं म्हंजे पयले तुमाले, बाई," भगवंत म्हणाला.

"मले नको. बाजारात इकून सूत आन."

पण वेचणाऱ्या त्या दोघीच नव्हत्या. गावाबाहेर पडलेली पन्नास माणसं आता तेच करत होती, आणि काही पोट्टे चालत्या गाडीवरून मूठ मूठ ओढून पळत. व्यापाऱ्यांनी वाटेवर पहारेकरी नेमले. एका सकाळी त्यांच्यातल्या एकानं सुभद्राच्या हातातली टोपली हिसकली.

"थे खाली पडेल हाय," पार्बताबाई ओरडली. "मातीतून उचलला आमी!"

"मातीतला बी मालकाचाच," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. कामाचा भाग म्हणून तो बोलत होता. त्यानं टोपली आपल्या पोत्यात रिकामी केली आणि परत दिली. पुन्हा दिसलात तर कोतवालीत नेईन, असंही सांगितलं. पार्बताबाई तशीच वामनरावाकडे गेली. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी एकटा काय करू?" तिला त्याचा राग आला नाही. तोच प्रश्न तीही रोज स्वतःला विचारत होती.

आडवं सूत संपलं. भगवंत तरीही रोज सकाळी मागावर जाऊन बसायचा, खड्ड्यात पाय सोडून, फणीवर हात ठेवून. सुभद्रा त्याला जेवायला हाक मारायची तेव्हा उठायचा. असे बारा-पंधरा दिवस गेले. आणि एका सकाळी तो गोठ्यात नव्हता.

पार्बताबाई त्याला शोधत बडनेऱ्याला गेली. आगगाडीच्या सडकेचं काम तिथवर आलं होतं. डोक्यावर टोपली घेतलेल्या माणसांच्या रांगेत तो दिसला. तिला पाहून त्यानं टोपली खाली ठेवली नाही.

"चाल घरी," ती म्हणाली.

"बाई, तुमी लय केलं. माहा सख्खा भाऊ नाई करत तेवढं केलं. पन रिकाम्या मागावर बसवत नाई मले. अथी निदान हातात काहीतरी रायते."

"मरशीन अथी."

"हो," तो म्हणाला, आणि रांगेतला मागचा माणूस ओरडला तसा पुढं गेला.

ती संध्याकाळपर्यंत तिथं उभी राहिली. तो पुन्हा दोनदा समोरून गेला. घरी येऊन तिनं सुभद्राला जे झालं ते सांगितलं. सुभद्रानं विचारलं, "माहं नाव घेतलं का?" पार्बताबाईला खोटं बोलता येत नसे. त्या दिवशी मात्र ती बोलली.

चैत्र सरता सरता लढाई संपल्याची बातमी आली आणि कापूस कोसळला. वखारींत माल तसाच पडून राहिला. पुढच्या हंगामात वामनरावानं स्वतःहून दोन मण रुई तिच्या दारात टाकली. "घ्या, कुणी विचारत नाही आता," तो म्हणाला. तिनं लगेच बडनेऱ्याला माणूस धाडला. भगवंताची टोळी तिथं नव्हती. काम पुढं नागपूरच्या बाजूला सरकलं होतं, बरीच माणसं पावसाळ्यात पटकीनं गेली होती, आणि कोण गेलं, कोण राहिलं, हे कुणी सांगू शकलं नाही.

सुभद्रानं ती रुई कातली. सुताच्या गुंड्या ओळीनं मागाजवळ ठेवल्या. फाल्गुनात तिचा दीर बार्शीटाकळीहून गाडी घेऊन आला आणि घरी चल म्हणाला. निघताना ती पार्बताबाईच्या पाया पडली.

"थे आले तर सांगजा, मी कुठी हाय ते."

"सांगीन."

"आन् सूत द्या त्यायले."

"देईन. जाय आता, ऊन होते."

गाडी गेली. कापसाचा भाव पडल्यापासून हमालीवरून काढलेली माणसं आता गोठ्यात येत होती. ती धडधाकट होती, पण लावून द्यायला काम कुठंच नव्हतं. त्या दुपारी मेळघाटाच्या बाजूनं आलेली एक म्हातारी दारात होती. परतवाड्यापासून चालत आली होती, आणि मुलाचं नाव सोडून दुसरं काही बोलत नव्हती. पार्बताबाईनं तिच्यापुढं भाकर ठेवली.

"जेव व माय."

म्हातारीनं नको म्हणून मान हलवली. पार्बताबाईनं भाकर कुस्करून ताकात कालवली आणि पुन्हा पुढं केली. म्हातारी वाटेकडे बघत राहिली. पार्बताबाई भाकरीचं ताट धरून तिच्यासमोर तशीच बसून राहिली.