पेशी पेरणारा

नारपोलीच्या आमच्या चाळीत तो इंजेक्शनवाला एजंट आला की आधी रुमालाने मोबाईल पुसतो, जणू आत देव बसलाय. काखेत फाईल, तोंडात ‘स्टेम सेल’. “ताई, सेल म्हणजे बियाणं. मेंदूत पेरायचं, उगवतंच. गॅरंटी न्हाय देत, पण रिझल्ट हाय.” कुठल्या डॉक्टरने, कशावरून, असं विचारलं की चहा बशीत ओतून फुंकत बसतो.

माझा भाऊ लूमवर कामाला होता. हायवेवर वडप्याला बाईकवरून पडला, डोक्याला मार बसला आणि उजवा हात लुळा पडला. ते सेलचं इंजेक्शन आम्ही घेतलंच नाही. तुटलेला धागा जोडायची लूमवाल्यांची गाठ त्याला लहानपणापासून यायची, तीच गाठ आई रोज त्याच्याकडून मारून घ्यायची. दोन वर्षांनी पहिली धड गाठ बसली. तेव्हा हा एजंट म्हणाला, “एक व्हिडिओ काढू भावाचा? बरं वाटलं म्हणून.”

परवा शेजारच्या गल्लीत एक बाई पोराचे रिपोर्ट मांडीवर घेऊन बसली होती आणि हा तिला मोबाईल दाखवत होता. “देखो आपा, अपना पेशंट. दो डोस, बस.”

मोबाईलवर माझा भाऊ गाठ मारत होता. त्याचं कोपर धरून बसलेली आई या साहेबांनी व्हिडिओतून कापून टाकली होती.

मला बघून लाजायचं सोडून तो हसला. “या ताई! तुम्हीच सांगा ना यांना.”

सांगितलं. बाईला घरी आणलं आणि दोन वर्षांतल्या फसलेल्या गाठींचं, आईने साठवलेलं अख्खं पोतं तिच्यापुढे उपडं केलं.

“आमचे डोस हे. मोजा.”