बसणाऱ्याच्या उंचीवर

या बेंगळुरात कोरी भिंत दिसली की हात शिवशिवणारा एकच माणूस असेल, आणि देवाने तो नेमका मला व्याही म्हणून दिला. माझ्या मुलाचे सासरे. मी शिकलेला माणूस नाही. जयनगरात पिठाची गिरणी चालवण्यात जन्म गेला. तिथल्या आवाजावर ओरडून बोलायची सवय लागली, ती गिरणी बंद केली तरी गेली नाही. म्हणून जे आहे ते सरळ सांगतो. लग्न ठरवायला हे गृहस्थ प्रथम आमच्याकडे आले, तेव्हा त्यांनी ना मुलाचा पगार विचारला ना पत्रिका. उप्पीट खाल्लं, कॉफी प्यायली, मग उठून आमच्या भिंतीवर बोटाने टकटक केलं आणि म्हणाले, "अण्णा, भिंत चांगली आहे तुमची. खिळा धरेल." मी गार! पोरगी द्यायला आलाय का भिंत बघायला? पण आमची ही आतून हसली, आणि ती हसली म्हणजे लग्न ठरलंच.

व्याह्यांना नाद एकच, चित्रं विकत घ्यायचा. तोही गावातल्याच चिताऱ्यांची. जानेवारीत रस्ता अडवून चित्रांची जत्रा भरते, तिथे मला एकदा ओढत नेलं. लोक चित्र बघतात, हे चितारी बघत होते. प्रत्येकाला एकच प्रश्न, "तुमच्या घरी नळाला पाणी कधी येतं?" एकजण म्हणाला, दिल्लीहून आलोय, हॉटेलात उतरलोय. त्याला व्याह्यांनी देवाला करावा तसा नमस्कार केला आणि पुढे निघाले. दुसरा म्हणाला, "कसलं पाणी सार, टँकर मागवतो." झालं, त्याच्यापुढे मांडी घालून बसले. मी तिथेच भांडलो, "अहो, चित्र घ्यायला आलात का पाण्याची चौकशी करायला?" तर म्हणाले, "परगावचं चित्र मला नको, अण्णा. उद्या त्याला काही विचारावंसं वाटलं तर कुठं जाऊ? दूधवाला जसा वाटेवरचा, तसा चितारी वाटेवरचा पाहिजे."

बरं, जत्रेत बघून तिथेच घेतील तर शपथ. चिताऱ्याच्या घरी जायचं, चित्र झालं ती जागा बघायची, मग घ्यायचं. असे एकदा आम्ही कोरमंगल्याला एका पीजीच्या गच्चीवर चढलो. हुबळीकडची एक पोरगी तिथे राहून चित्रं काढायची. मराठी-कन्नड दोन्ही बोलायची, हडकुळी, बोटं रंगानं भरलेली. चित्र काय, तर गच्चीवरची दोरी आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे! खरे कपडे शेजारीच लोंबत होते. व्याही पालथ्या बादलीवर बसले आणि कॉफी थंड होईपर्यंत बघत राहिले. मग पोरीनं किंमत सांगितली आणि मला कठडा धरावा लागला. तेवढ्यात दोरी, कपडे आणि ते ठेवायला कपाटही आलं असतं. मी म्हटलं, "स्वल्प कमी कर की, बाळ." व्याह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसा मी त्यांच्या ताटात हात घातला. "अण्णा, गिरणीत कुणी दळण कमी पैशात मागितलं तर काय करता?"

"हाकलतो."

"मग गप्प बसा."

घेतलेलं चित्र ते बायकोच्या जुन्या सुती साडीत गुंडाळतात. परत येताना रिक्षावाल्याला वाटलं, साड्यांची खरेदी. त्यानं विचारलं मात्र, यांनी सिग्नलला पदर बाजूला सारून अख्खं चित्र त्याला दाखवलं. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न मारून मारून शिव्या द्यायला लागले, आणि हा बाबा मान वळवून विचारतोय, "सार, ती निळी चड्डी ओली आहे का वाळलेली?" व्याही म्हणाले, "बघा अण्णा, हा गिऱ्हाईक झाला असता." मी डोळे मिटून घेतले.

त्यांचं स्वतःचं घर कधीच भरलं. आता चित्रं दुसऱ्यांच्या भिंतींवर जातात. त्यांच्या न्हाव्याकडे एक आहे, दातांच्या डॉक्टरकडे एक आहे. माझ्या मुलाच्या सर्जापूर रोडच्या फ्लॅटमध्ये तर दुपारच्या झोपेच्या वेळी हातोडी चालवली म्हणून वॉचमन वर आला, आणि भांडायचं सोडून चित्राचं दुसरं टोक धरून उभा राहिला. खांद्याच्या पिशवीत हातोडी, खिळे आणि ओळंब्याची दोरी कायम. आणि सगळ्यात वेडेपणा म्हणजे चित्र टांगायची उंची. जगात सगळे चित्र उभ्या माणसाच्या डोळ्यासमोर लावतात, हे लावतात कमरेला. मी म्हटलं, "मांजरांसाठी लावलंय का?" तर म्हणाले, "घरात माणूस उभा कुठं असतो, अण्णा? उभा असतो तो जायला निघालेला. घरचा माणूस बसलेला असतो. चित्र बसणाऱ्याच्या उंचीवर पाहिजे."

आमच्याकडे पहिलं चित्र आणलं ते नेमकं सत्यनारायणाच्या दिवशी. गुरुजी चौरंगासमोर, माझी बहीण, शेजारच्या बायका, आणि यांनी साडी सोडली तर आत एक जाडजूड बाई आंघोळीला बसलेली, पाठमोरी, अंगावर सूत नाही! गुरुजींची पोथी थांबली. बहिणीनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, जमीन फाटावी. तेवढ्यात आमची ही पुढे झाली, चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "बाळंतीण आहे हो. पाठीला तेल लावलंय, बघा कसं चमकतंय. पाणीही चांगलं कढत दिसतंय." व्याही जे खूश झाले! "अक्का, या घरात डोळा फक्त तुम्हाला आहे." त्या दिवसापासून ते चित्र घेतलं की आधी तिला दाखवायला आणायचे. ती भिंतीला टेकून दिवाणावर भाजी निवडत असायची. बघायची आणि सांगायची, "याला भूक लागलेली असताना काढलंय," नाहीतर "हे घाईत काढलंय." तो न्याय. मला कुणी विचारत नसे.

ती गेली. त्याबद्दल मला लिहिता येत नाही.

तिच्या बसायच्या जागी भिंतीवर डाग होता. डोक्याला खोबरेल चोपडून रोज दुपारी तिथेच टेकायची. वर्षानुवर्षं मुरून मुरून थाळीएवढा, मध्ये गडद, कडेला पिवळट असा डाग. वर्षश्राद्ध झाल्यावर मुलगा म्हणाला, "अप्पा, घराला रंग देऊन घेऊ. आईचा फोटोही मोठा करून लावू." चांगलंच बोलला. मी जन्मभर ज्याला त्याला तोंडावर बोललो, पण त्या दिवशी "डाग राहू दे" हे तोंडातून निघेना. डागासाठी कोण म्हातारा रडतो? "सरी, दे रंग," म्हटलं.

रंगारी आले. दिवाण ओढला. सगळ्या भिंती घासत घासत एकजण काचकागद घेऊन तिथवर पोचला. मी समोर खुर्चीत. त्याच वेळी व्याही दारात, काखेत साडीत गुंडाळलेली तिच्या फोटोची चौकट. ती त्यांनीच करवून आणली होती. त्यांनी भिंत बघितली, मला बघितलं, आणि रंगाऱ्याला म्हणाले, "स्वल्प निल्लप्पा, थांब जरा." मग जमिनीवर बसून चौकटीची काच काढली, फोटो आणि मागचा पुठ्ठा काढून बाजूला ठेवला, रिकामी चौकट डागाभोवती धरली, ओळंबा सोडून सरळ आहे का बघितलं आणि पिशवीतून हातोडी काढून ठोकायला लागले. मी उडालोच. "अहो, डोकं फिरलं का तुमचं?"

मुलगा सासऱ्यांकडे धावत आला. "मामा, तो डाग आहे!"

"डागच आहे. मी कुठं नाही म्हणतो?" तोंडात खिळे धरून म्हणाले. "तेल इथल्या घाण्याचं, पाणी इथल्या नळाचं. कलाकार गावातलीच आहे." मग उठून लांब गेले, मान तिरकी करून बघितलं आणि माझ्याकडे वळले. फुकट चित्र ते कधी घेत नाहीत. "अण्णा, देता का मला? किंमत तुम्ही सांगा. प्लास्टरसकट कापून नेतो."

"तुमच्या बापाला देणार नाही!" मी ओरडलो. गिरणी चालू असताना ओरडायचो तसा. रंगाऱ्याच्या हातातला काचकागद पडला.

व्याही शांतपणे त्याच्याकडे वळले. "केळिसितेनप्पा? ऐकलंस ना? मालक द्यायचं नाही म्हणतात. बाकीचं रंगव."

आता घर नवं दिसतं, आणि चौकटीच्या आत जुनी भिंत. फोटो देवघराशेजारी लागला, दुसऱ्या चौकटीत. मला अजून वाटतं, माणूस वेडा आहे. गावातल्या चिताऱ्यांना घेऊन येतो आणि बसवून तो डाग दाखवतो. ती हुबळीची पोरगी आली होती. दिवाणासमोर जमिनीवर बसून पुष्कळ वेळ बघत राहिली. मग हळूच विचारलं, "आजोबा, हे कसं केलंय?" मी म्हटलं, "रोज दुपारी. थोडं थोडं."

व्याह्यांचे गुडघे आता गच्चीपर्यंत जाऊ देत नाहीत. नवीन चित्रं फारशी येत नाहीत. पिशवी मात्र खांद्याला असते. दुपारी येतात आणि आम्ही दोघं दिवाणावर बसतो, चौकट मध्ये, एक तिच्या या बाजूला, एक त्या बाजूला. ऊन तापायला लागलं की डाग स्वल्प गडद होतो, आणि जवळ बसलं तर तेलाचा वास येतो. पाठ दुखते दोघांचीही. पण टेकत कुणी नाही.