मी सांगितलेला आकडा

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही – नवऱ्यालासुद्धा. आता तरी का सांगते आहे? माहीत नाही. गप्प बसवत नाही एवढं खरं.

एकोणीसशे सत्तरच्या सुमाराची गोष्ट. सानगडीत विमल माझी शेजारीण, मैत्रीण. तलावापलीकडे गोपाळचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. दोघांचं प्रेम होतं, पण तो जातीबाहेरचा, म्हणून भेटणं अशक्य. माझे वडील तार ऑफिसात होते, त्यामुळे मला तारेची भाषा येत होती – ती मीच दोघांना शिकवली. विमल दुपारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धुणं धुवायला जायची आणि आरशाने त्याच्या दुकानावर ऊन पाडायची. लांब झोत, आखूड झोत.

पण तिचा भाऊ फौजेत, तोही सिग्नलचा – म्हणजे ही भाषा त्यालाही यायची. तो सुट्टीवर आला की काय करायचं? म्हणून अक्षरं पुढे सरकवायची. किती पुढे, तो आकडा दर वेळी बदलायचा. तो उन्हातून कसा पाठवणार? ऊन तर सगळ्यांनाच दिसतं. आकडा मी दुकानावरून जाता जाता तोंडी सांगायची; थांबून बोलले तर लोकांच्या नजरेत आलं असतं. आणि ठरलेलं होतं – निरोप निरर्थक लागला, तर मधे कोणीतरी आहे असं समजायचं. गोपाळनं काही न विचारता गाव सोडायचं. भावानं दोघांनाही जिवंत ठेवलं नसतं.

त्या दिवशी विमल म्हणाली, "पाच सांग. उद्या साकोलीहून आम्ही दोघं नागपूरले जाऊन राहिलो."

मी निघाले. वाटेत एकच विचार – ही गेली की मी इथे कोणाशी बोलणार? एवढंच? हो, एवढंच. गोपाळला मी सात सांगितलं.

दुपारी त्यानं झोत वाचले. सात धरून काही अर्थ लागला नाही. त्याच संध्याकाळी दुकान बंद करून तो गेला – तिच्या जिवाला धोका नको म्हणून.

विमल दुसऱ्या दिवशी साकोलीच्या स्टँडवर दुपारपर्यंत बसली. परत आल्यावर तिनं विचारलं, "तुनं आकडा बराबर सांगतला होता नं वं?"

"हो," मी म्हटलं. किती सहज निघालं ते.

पुढच्या उन्हाळ्यात तिला करडी गावात दिलं. मीही लग्न होऊन शहापूरला गेले – म्हणजे सानगडीत आम्ही दोघीही राहिलो नाही.

अजून मी तिच्याकडे जाते. कधी गोपाळचं नाव निघतं. "भेकड होता तो," ती म्हणते.

मी चहा पिते.