डाव्या हाताची विहीर

मी घर सोडलं त्या दिवशी नाना, म्हणजे माझे वडील, संभाजीनगरला ट्रॅव्हल्सच्या ऑफिसबाहेर एका जुन्या टेलिफोन डिरेक्टरीला सुतळी बांधत बसले होते. गंगापूरहून जीपमध्ये ती त्यांनी मांडीवर धरून आणली होती. आत आमच्या वावरातली दाबून वाळवलेली पानं होती: कपाशीची, बाभळीची, बांधावरच्या करंजाची. पानापाचोळ्याची कोलाजं करायला मला बंगळुरूच्या एका स्टुडिओत नोकरी लागली होती. हे कसलं काम, ते नानांना कधी नीट कळलं नाही. "बंगळूरात झाडं नायत व्हय?" एवढंच ते म्हणाले. चार माणसांत हे असं काय बोलायचं, म्हणून मला राग आला. डिरेक्टरी मात्र मी बंगळुरूपर्यंत मांडीवरच धरून नेली.

त्याला पाच वर्षं झाली. तुमच्यापैकी जे मागं राहिले त्यांना वाटतं आम्ही तिकडं मजेत आहोत. जे माझ्यासारखे बाहेर पडले त्यांना काही सांगायला नको. मी दिवसभर एसीत बसून उन्हाची चित्रं करते. मी पानं स्कॅन करते, टीम ती कॉम्प्युटरवर उभी करते, आणि डोळ्यांवर हेडसेट चढवला की बघणारा त्या पानांच्या रानात चालायला लागतो. मीटिंगमध्ये मला सांगतात, अजून थोडं 'गावाकडचं' कर. गावाकडचं म्हणजे किती, ते कुणी सांगत नाही.

मी गेल्यावर दोन वर्षांनी आमचं वावर नव्या रस्त्यात गेलं. नाना संभाजीनगरजवळ बजाजनगरला माझ्या भावाच्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. फोनवर ते वावराचं नाव काढायचे नाहीत, कंपनीच्या बस किती वाजता सुटतात ते सांगायचे. तेव्हाच ठरवलं, ते वावर आपण करायचं आणि नानांना परत त्यातून चालवायचं. डिरेक्टरीची सुतळी सोडली, पानं बाहेर काढली. कपाशीच्या ओळी कपाशीच्याच पानांच्या, बांध करंजाचा, कडेला विहीर. मागं विहिरीवरच्या मोटरचा आवाज, जो मी एका सुट्टीत फोनवर घेऊन ठेवला होता. दीड वर्ष गेलं त्यात. स्टुडिओनं ते काम मोठ्या प्रदर्शनासाठी घेतलं, आणि उद्घाटनाच्या आठवडाभर आधी मी लॅपटॉप, हेडसेट घेऊन बजाजनगर गाठलं.

नानांना हॉलमध्ये उभं केलं, हेडसेट चढवला. त्यांनी मान फिरवून इकडंतिकडं पाहिलं. मग सरळ डावीकडं वळून चालायला लागले आणि फ्रिजला धडकले.

"हिर कुठं गेली?"

मी म्हटलं, उजवीकडं बघा ना.

"उजव्या हाताला हिर? हे आपलं वावर नाय, बाई. दुसऱ्या कुणाचं आसंल." त्यांनी हेडसेट काढून माझ्या हातात दिला आणि वहिनीकडं चहा मागितला.

दीड वर्ष! नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं, मी आधी हेडसेटला दोष दिला, मग नानांच्या वयाला. दाखवतेच यांना, म्हणून एका जुन्या पाकिटामागं तावातावानं वावराचा नकाशा काढायला घेतला. माझ्या हातानं विहीर डावीकडं काढली.

मग डोक्यात प्रकाश पडला. पानं मी चित्रासारखी स्कॅनरच्या काचेवर मांडते, अख्खं वावरही तसंच मांडलं होतं. मी बघते वरून, मशीन बघतं खालून, म्हणून चित्र आरशातल्यासारखं उलटं येतं. दरवेळी मी ते सुलटं करून घेते. या वेळी वावर उभं राहिलेलं बघायच्या घाईत ते राहून गेलं आणि टीमनं त्या उलट्या चित्रावरच अख्खं वावर उभं केलं. त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. पण मी त्या वावरात लहानाची मोठी झाले, दीड वर्ष रोज हेडसेट घालून त्यात फिरले, आणि मलाही कळलं नाही. त्याची चीड अजून गेलेली नाही.

बंगळुरूला फोन केला. तिकडचे म्हणाले, लाइट, साउंड सगळं बसवून झालंय, आता हात लावायचा नाही. शिवाय हे कळणार कुणाला? मी भांडले, रडले, शेवटी फोन ठेवला. दोन दिवस भावाच्या ओट्याशेजारी बसून लॅपटॉपवर एक प्रत तेवढी सुलटी केली. सगळंच पलटल्यामुळं ऊन चुकीच्या बाजूनं पडत होतं, पण विहीर डावीकडं आली.

भावानं फ्रिज सरकवला. नानांनी पुन्हा हेडसेट घातला, डावीकडं वळले आणि चालायला लागले. मध्येच एका जागी त्यांनी पाय उंच उचलून पुढं टाकला. तिथं पाण्याचा पाट होता. मी तो करायलाच विसरले होते.

विहिरीपाशी ते थांबले. आता तरी चांगलं म्हणतील म्हणून मी वाट बघत होते.

"मोटर चालूच ठिवली का गं? बंद कर. पाणी वाया चाललंय."

मी आवाज बंद केला. नाना हेडसेट न काढता तिथंच फरशीवर टेकले. बांधावर बसायचे तसे, एक गुडघा वर घेऊन.

घर कुठं, असं कुणी विचारलं तर आता मला गंगापूर म्हणवत नाही आणि बंगळुरूही म्हणवत नाही. प्रदर्शन चालू आहे. रोज अनोळखी माणसं त्या उलट्या वावरात फिरतात आणि अभिप्रायाच्या वहीत छान छान लिहून जातात. मोटर तिथं दिवसभर चालू असते. बंद कर म्हणून अजून कुणी सांगितलेलं नाही.